गाणं कुणाचं हे तुकोबांनी प्रत्येक अभंगात लिहून ठेवलं, तरी अॅपवर त्यांच्या नावाचा रकाना रिकामा का राहतो?

कुठल्याही म्युझिक अॅपवर जा आणि तुकोबांचा एखादा गाजलेला अभंग शोधा. तोच अभंग दहा-वीस वेळा समोर येतो. कुठे त्याचं नाव पहिल्या ओळीवरून दिलेलं असतं, तर कुठे ध्रुवपदावरून. इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येकाचं वेगळं. गायकाचं नाव ठळक दिसतं, संगीतकाराचं कधी दिसतं, कधी नाही. आणि लिहिणाऱ्याच्या रकान्यात बऱ्याचदा काहीच नसतं, नाहीतर पारंपरिक असा एक शिक्का मारलेला असतो.

आता गंमत बघा. ज्या गाण्याचा कवी पारंपरिक म्हणून टाकलाय, त्याच गाण्याच्या शेवटच्या ओळीत कवी स्वतःचं नाव सांगून गेलेला असतो. साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी, न चुकता, जवळपास प्रत्येक अभंगात. तुका म्हणे, एवढे दोनच शब्द.

या दोन शब्दांना मुद्रा किंवा नाममुद्रा म्हणतात. आजच्या भाषेत सांगायचं तर गाण्याच्या फाईलला लावलेला टॅग. फरक इतकाच की फाईलचा टॅग कुणीही पुसू शकतं, पण मुद्रा गाण्याच्या चालीत आणि छंदात विणलेली असते. ती काढायची तर ओळच मोडावी लागते.

हा टॅग तुकोबांच्या हयातीतही पुसायचा प्रयत्न झाला होता. तो किस्सा पुढे येईलच. पण त्याआधी हे नाव कमावणारा माणूस कोण होता ते बघायला हवं.

वाण्याच्या घरातला मुलगा

आज पिंपरी-चिंचवडच्या पुढे, चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्याला लागून इंद्रायणीकाठी देहू आहे. तुकोबांचा जन्म इथलाच. सालाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण साधारण १६०८ हे साल मानलं जातं. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले भाऊ सावजी, धाकटे कान्होबा. घरात शेती होती, दुकान होतं, सावकारी होती आणि गावची महाजनकी होती. विश्वंभरबाबा या पूर्वजांपासून विठ्ठलाची भक्ती आणि पंढरीची वारी घरात चालत आलेली. घरचं स्वतःचं विठ्ठलमंदिरही होतं.

म्हणजे तुकोबा गरिबीत जन्मलेले नव्हते. लहानपणापासून त्यांच्या हाताखालून जे कागद जायचे ते हिशेबाचे होते. कुणी किती नेलं, कुणाकडून किती येणं आहे, कुणाचं खत कधीचं आहे. कुणाच्या नावावर काय लिहिलं जातं याला किती किंमत असते, हे त्यांना दुकानात बसूनच कळलं असणार.

मग एकामागोमाग एक धक्के बसले. आई-वडील गेले. सावजींची पत्नी वारली आणि ते घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेले. सगळा प्रपंच तरुण तुकोबांवर आला. त्यात १६३० च्या सुमाराचा भीषण दुष्काळ आला. दख्खनच्या इतिहासातल्या सगळ्यात वाईट दुष्काळांपैकी हा एक. त्यात व्यापार बसला. पहिली पत्नी रखुमाई अन्नावाचून गेली, मुलगा संतूही गेला. दुसरी पत्नी जिजाई, जिला लोक आवली म्हणून ओळखतात, तिच्यासोबत संसार उरला, पण दुकान काही परत उभं राहिलं नाही.

इंद्रायणीत बुडवलेले कागद

दुष्काळानंतर तुकोबांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे मोडकळीला आलेलं घरचं विठ्ठलमंदिर दुरुस्त करायला घेतलं. दुसरी गोष्ट मात्र गावाला चक्रावून टाकणारी होती.

घरात लोकांची कर्जखतं पडून होती. दुष्काळात होरपळलेली माणसं ती फेडणार कशी? परंपरा असं सांगते की तुकोबांनी खतांचे दोन भाग केले. कान्होबांच्या वाटणीची अर्धी त्यांना दिली, कारण त्यांच्या हक्कावर पाणी सोडायचा अधिकार आपला नाही. उरलेली आपल्या वाटणीची अर्धी इंद्रायणीत बुडवली. कुणाकुणाची नावं कर्जदार म्हणून कागदावर होती, ती त्या दिवशी पाण्यात गेली.

त्यानंतर तुकोबा देहूजवळच्या भंडारा डोंगरावर जाऊन बसू लागले. चाकणच्या बाजूचा भामचंद्र डोंगरही त्यांच्या एकांताची जागा. तिथं त्यांनी आधीच्या संतांचं वाङ्मय पाठ केलं. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, कबीर. कीर्तनात मुख्य कीर्तनकाराच्या मागे उभं राहून ध्रुवपद धरलं. म्हणजे सुरुवातीला ते दुसऱ्यांच्याच रचना गात होते, आणि त्या गाताना कुठली रचना कुणाची हे त्यांना मुद्रेवरून कळत होतं.

वारकरी परंपरेत ही पद्धत आधीपासूनची आहे. नामदेवांच्या अभंगात नामा म्हणे येतं. चोखोबांच्या अभंगात चोखा म्हणे. जनाबाई स्वतःला नामयाची जनी म्हणवतात. एकनाथ आपल्या नावाला गुरूंचं नाव जोडून एका जनार्दनी लिहितात. छापखाना नाही, पुस्तक नाही, मुखपृष्ठ नाही. गाणं एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाणार. मग कवीचं नाव टिकणार कसं? तर ते गाण्याच्या आतच ठेवायचं.

तुकोबांनी आपल्या कवितेच्या सुरुवातीचं कारणही सांगितलं आहे. स्वप्नात नामदेव पांडुरंगाला घेऊन आले आणि आपली राहिलेली अभंगांची संख्या पूर्ण करायला सांगून गेले. दुसऱ्या एका स्वप्नात बाबाजी चैतन्यांनी रामकृष्णहरी हा मंत्र दिला. काम नामदेवांचं पुढे न्यायचं होतं, पण तुकोबांनी त्यावर नाव आपलंच घातलं. यात मोठेपणा मिरवायचा नव्हता. जे बोललोय त्याची जबाबदारी माझी, असा त्याचा अर्थ होता.

नाव बदलणारा सालोमालो

या जबाबदारीची किंमत लवकरच कळली. तुकोबांचं कीर्तन गाजू लागलं, तसे त्यांचे अभंग लोकांच्या तोंडी बसले. मग एक नवीनच भानगड सुरू झाली.

सालोमालो नावाचा एक जण तुकोबांचेच अभंग घ्यायचा, त्यात मोडतोड करायचा आणि तुकोबांच्या नावाच्या जागी आपलं नाव घालून लोकांना ऐकवायचा, असं परंपरा सांगते. गाथेत त्याला उद्देशून अभंगही आहेत आणि त्याचं नावही येतं. १९३६ साली प्रभात कंपनीनं संत तुकाराम चित्रपट काढला तेव्हा त्यातला खलनायक म्हणून हाच सालोमालो लोकांच्या लक्षात राहिला.

तुकोबांना याचा राग का आला असेल? अभंगांतून पैसे तर मिळत नव्हते. शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणाही त्यांनी परत केल्याची कथा प्रसिद्ध आहे. मग नाव चोरलं तर बिघडलं कुठे?

बिघडत होतं ते शब्दांत. नाव बदलायचं तर ओळ मोडावी लागते, आणि ओळ मोडली की अर्थही हलतो. शिवाय जो माणूस ते जगलाच नाही, त्याच्या नावावर ते बोलणं गेलं की ऐकणाऱ्याची फसवणूक होते. ज्या वाण्यानं दुसऱ्यांच्या कर्जाची खतं पाण्यात सोडली, तो आपल्या शब्दांच्या बाबतीत मात्र हिशेबाला पक्का होता.

बुडालेल्या वह्या आणि लिहिणारे हात

दुसरा वार याहून मोठा होता. वाघोलीचे रामेश्वरभट्ट हे विद्वान ब्राह्मण. शूद्र माणसाच्या तोंडून वेदांचा अर्थ मराठीत बाहेर पडतोय, हे त्यांना मान्य नव्हतं. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्यात असं ठरलं आणि तुकोबांनी त्या बुडवल्या. ज्या नदीत त्यांनी लोकांची खतं सोडली होती, त्याच नदीत आता त्यांचे स्वतःचे कागद गेले. तुकोबा नदीकाठच्या शिळेवर अन्नपाण्यावाचून बसून राहिले. तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. पुढे रामेश्वरभट्टांनाच पश्चात्ताप झाला, ते तुकोबांचे शिष्य झाले आणि त्यांनी तुकोबांची आरती लिहिली.

वह्या वर आल्या याकडे कुणी चमत्कार म्हणून बघतं, तर कुणी म्हणतं की तोवर अभंग शेकडो लोकांना पाठ झाले होते, त्यामुळे कागद गेला तरी गाणं गेलं नाही. काहीही मानलं तरी एक गोष्ट उरते. अभंग टिकले ते ऐकणाऱ्या आणि लिहून घेणाऱ्या माणसांमुळे.

त्यातलं सगळ्यात मोठं नाव संताजी जगनाडे यांचं. चाकणच्या तेली कुटुंबातले संताजी हे तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक. कीर्तनात टाळ धरायचा आणि अभंग वहीत उतरवायचा, हे त्यांचं काम. गंगाराम मवाळ हे दुसरे लेखक. संताजींची समाधी देहूपासून जवळच सुदुंबरे इथं आहे. आज ज्या चाकणची ओळख गाड्यांच्या कारखान्यांनी होते, त्या चाकणच्या माणसानं सतराव्या शतकात ही नोंद ठेवली नसती, तर आज किती अभंग हाती असते कुणास ठाऊक.

तुकोबांचं कीर्तन प्रत्यक्ष ऐकलेल्या आणखी एक साक्षीदार म्हणजे संत बहिणाबाई. त्या ब्राह्मण घरातल्या. तुकोबांना गुरू मानून देहूला येऊन राहिल्या आणि आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत त्यांनी तिथले अनुभव लिहून ठेवले.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे इ.स. १६५० मध्ये, तुकोबा गेले. वारकरी याला सदेह वैकुंठगमन मानतात आणि दरवर्षी तुकाराम बीजेला देहूत लाखोंची गर्दी होते. पुढे १६८५ साली तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनी पालखी सोहळा सुरू केला.

एका नावाचे अनेक गोंधळ

तुकोबा गेल्यावर कान्होबांनी शोकात अभंग रचले. त्यांची मुद्रा आहे तुकयाबंधु. छापील गाथेत हे अभंग तुकोबांच्या अभंगांसोबतच येतात. म्हणून तुकोबांच्या गाथेत सापडला म्हणजे तो तुकोबांचाच, असं डोळे झाकून धरता येत नाही. शेवटची ओळ नीट वाचावी लागते.

नामदेवांच्या बाबतीत तर हा गुंता आणखी वाढतो. तेराव्या-चौदाव्या शतकातले संत नामदेव आणि सोळाव्या शतकातले विष्णुदास नामा, दोघांच्याही रचनांत नामा येतो. त्यामुळे काही रचना नक्की कुणाच्या यावर अभ्यासकांना वर्षानुवर्षं डोकेफोड करावी लागली. म्हणजे टॅग असला तरी तो पुरतोच असं नाही. त्यासोबत काळ आणि भाषा बघावी लागते.

पुढे छापखाना आला. १८६९ ते १८७३ या काळात मुंबई सरकारच्या खर्चानं तुकोबांच्या गाथेची दोन भागांतली आवृत्ती निघाली. शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णुशास्त्री पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या हस्तलिखितांतले पाठ ताडून बघितले आणि प्रत्येक अभंगाला क्रमांक दिला. साडेचार हजारांच्या आसपास अभंग त्यात आले. पुढे वि. ल. भावे यांनी संताजींच्या वहीवरून तुकारामाचा अस्सल गाथा प्रसिद्ध केला. त्यात अभंग पुष्कळ कमी होते. म्हणजे किती अभंग तुकोबांचे, याचं उत्तर कुठली वही समोर आहे यावर बदलतं. आणि वेगवेगळ्या आवृत्त्यांत एकाच अभंगाचा क्रमांकही वेगवेगळा येतो.

आता याच्या उलटी गोष्ट बघा. १९३६ च्या संत तुकाराम चित्रपटात बी आणि झाड यांच्यावरचं एक गाणं आहे. ते इतकं तुकोबांच्या वळणाचं आहे की कित्येक लोकांना ते त्यांचाच अभंग वाटत आलं. प्रत्यक्षात ते लिहिलं शांताराम आठवले यांनी आणि चित्रपटाचं संगीत केशवराव भोळे यांचं. सालोमालोनं तुकोबांचं नाव काढून आपलं घातलं. इथं लोकांनीच आठवल्यांचं नाव काढून तुकोबांचं घातलं. एकात लबाडी होती, दुसऱ्यात प्रेम. नोंद मात्र दोन्हीकडे चुकली.

फाईलला रकाना कुठून आला?

गाण्यांच्या फाईलमध्ये नाव लिहायची सोय १९९६ साली आली. एमपीथ्री फाईलच्या शेवटी १२८ बाइटची जागा ठेवली गेली, तिला आयडीथ्री टॅग म्हणतात. त्यात शीर्षकाला ३० अक्षरं, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४. संगीताच्या प्रकारासाठी ८० नावांची यादी, त्यात अभंगही नाही आणि ख्यालही नाही. देवनागरीची सोय नाही. कवीचा वेगळा रकाना नाही आणि रागाचाही नाही. पाश्चात्त्य पॉप गाण्यासाठी बेतलेल्या त्या डब्यात आपलं संगीत कोंबलं गेलं आणि जे बसलं नाही ते गळून पडलं.

१९९८ साली आलेल्या पुढच्या आवृत्तीत संगीतकार आणि गीतकार यांचे वेगळे रकाने आले, देवनागरीही लिहिता येऊ लागली. म्हणजे अडचण आता यंत्राची उरलेली नाही. रकाना आहे, पण भरणारा हात नाही.

हा प्रश्न अभंगापुरता नाही. शास्त्रीय संगीताच्या बंदिशीतही मुद्रा असतात. सदारंग हे नाव ऐकलं की ती बंदिश अठराव्या शतकातल्या नियामत खाँ यांच्या नावावर आहे हे कळतं. प्रेमपिया म्हणजे उस्ताद फैयाज खाँ, गुणिदास म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित, चतुर म्हणजे पंडित भातखंडे. पण बंदिशीच्या फाईलवर बहुतेक वेळा गायक आणि राग एवढंच असतं.

मग अभंगाची फाईल लावायची कशी?

घरात वडिलांच्या कॅसेटवरून उतरवलेली गाणी असोत नाहीतर एखाद्या मंडळाचा संग्रह, पाच गोष्टी लिहिल्या की काम होतं.

पहिली, शीर्षक. गाथेत अभंग जिथून सुरू होतो ती ओळ शीर्षकाला घ्यावी. कारण गायक पुष्कळदा ध्रुवपदापासून सुरुवात करतो आणि गाथेत ध्रुवपद बऱ्याचदा दुसऱ्या जागी असतं. त्यामुळेच एका अभंगाची दोन नावं तयार होतात. ध्रुवपद सोबत लिहून ठेवलं तर शोधताना दोन्हीकडून सापडतं.

दुसरी, रचनाकार. त्यासाठी गाणं शेवटपर्यंत ऐकायचं. मुद्रा तिथंच असते. रेकॉर्डिंगमध्ये शेवटचं कडवं गायलंच नसेल, तर गाथा उघडून बघायचं.

तिसरी, गायक आणि संगीतकार वेगवेगळे. भीमसेन जोशींच्या गाजलेल्या अभंगांपैकी कित्येकांना राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांच्या चाली आहेत. लता मंगेशकरांच्या अभंग तुकयाचे या संचालाही चाली खळे यांच्याच. एकाच्या रकान्यात दुसऱ्याला ढकललं की दोघांपैकी एक हरवतो.

चौथी, राग. हा अभंगाचा नसतो, त्या चालीचा असतो. तोच अभंग दुसरा गायक दुसऱ्या रागात गाऊ शकतो. म्हणून राग त्या रेकॉर्डिंगपुरताच लिहायचा, आणि खात्री नसेल तर रकाना रिकामा सोडायचा. चुकीच्या नोंदीपेक्षा रिकामा रकाना बरा, तो पुढे कुणीतरी भरू शकतो.

पाचवी, गाथेतला क्रमांक, आणि त्यासोबत कुठल्या आवृत्तीतला तेही. नुसता क्रमांक लिहिला तर दुसरी आवृत्ती हातात असलेल्या माणसाला भलताच अभंग सापडेल.

देहूत इंद्रायणीकाठी आज गाथा मंदिर उभं आहे. तिथं संगमरवरी भिंतींवर तुकोबांचे अभंग कोरलेले आहेत. ज्या नदीत वह्या बुडवल्या गेल्या, तिच्याच काठावर ते आता दगडात आहेत आणि तुकोबांचं नाव अभंगांच्या शेवटच्या ओळींत आहे. दगडावर ते नाव पुसायला छिन्नी लागेल. फोनमध्ये मात्र एक रकाना मोकळा सोडला तरी पुरतं. संताजी जगनाडे कीर्तनानंतर दिव्याच्या उजेडात बोरूनं जे करत होते, तेच काम आता अंगठ्यानं दोन मिनिटांत होतं.